चारने भागलेला ब्रेड

आमच्या घरात एक गणित होतं. आमच्या ह्यांनी ते लग्नानंतर महिनाभरातच शोधून काढलं. मी जे काही सांगेन, त्याला चारने भागायचं. मी म्हणाले, "आज बसथांब्यावर दोनशे माणसं होती," की हे चहाचा कप खाली न ठेवता म्हणायचे, "पन्नास." मी म्हणाले, "कुत्रा होता की म्हैस, बाई गं!" की हे म्हणायचे, "कुत्रा." आणि उत्तर बहुतेक वेळा बरोबर यायचं. मला राग यायचा तो त्याचाच.

हे जाऊन सहा वर्षं झाली. सहा म्हणजे सहाच, हे भागायचं नाही. माणूस गेला आणि गणित तेवढं मागे राहिलं, ते मुलाने घेतलं. बाकी घड्याळ, चष्मा, छत्री यांतलं काही त्याला नको होतं. तो दूरच्या शहरात असतो. रविवारी सकाळी, चहा आणि आंघोळीच्या मधल्या वेळात त्याचा फोन येतो. गेल्या महिन्यात मी त्याला सहज म्हणाले, "अरे, आठ दिवसांत कुणाशी एक शब्द बोलले नाहीये."

तो म्हणाला, "म्हणजे दोन दिवस. थंडी आहे ना आई, लोक बाहेर पडत नाहीत."

आता मी थापाडी आहे हे मला मान्य आहे. पण ते आठ दिवस मी मोजले होते, मधल्या रविवारी त्याचा फोनही चुकला होता. भाजीवाला धरायचा नाही, कारण मी बोटाने दाखवलं आणि त्याने बोटांनीच भाव सांगितला. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. मंगळवारी एक चुकीचा फोन आला होता, पण माझा आवाज ऐकून त्याने मी "हॅलो"च्या पुढे जायच्या आत ठेवला. असो.

आता मुद्द्यावर येते. माझी नात नऊ वर्षांची. शाळेत तिला भागाकार शिकवलाय, पण माझ्यावर ती तो अजून वापरत नाही. जगात असं हे एकच माणूस शिल्लक आहे, त्यामुळे मी तिला जपून असते. त्या रविवारी तिने विचारलं, "आजी, सुट्टीत तू काय करतेस?"

खरं उत्तर होतं, पडदे धुते. पण हे काय सांगायचं? मी म्हणाले, "सुट्टीत मी ब्रेड भाजते. गोड. संत्र्याच्या सालीचा आणि दालचिनीचा. एवढा मोठा, की उचलायला दोन माणसं लागतात. त्याचा वास सुटला ना, की अख्खी इमारत हातातलं काम टाकून येऊन उभी राहते."

ती म्हणाली, "मला बघायचाय."

मागून मुलाचा आवाज आला, "चारने भाग!" आणि नातीचा, "मी नाही भागणार!" आणि मग फोन मुलाच्या हातात. त्याचं असं होतं की त्यांना सुट्टीचे तीन दिवस मिळत होते. ऑफिसची मंडळी तलावाकाठच्या एका हॉटेलात जाणार होती, हा बुधवारी संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवणार होता. आता नात हटून बसली की हॉटेल नको, आजीचा ब्रेड.

"आई, तू आयुष्यात कधी ब्रेड केलायस?"

"शेकड्यांनी."

"म्हणजे पंचवीस?" तो हसला. "शून्याला चारने भागलं तरी शून्यच येतं, आई. असं कर, खरंच केलास तर बुधवारी सात वाजता सांग. केला असशील तर आम्ही येतो. नाहीतर पोरीला तिथवर आणून तिचा हिरमोड करायचा, त्यापेक्षा तलाव बरा."

मी फोन ठेवला आणि पडद्यांकडे बघितलं. धुवायला झाले होतेच. पण म्हटलं, राहू देत.

कृती माझ्याकडे होती. बत्तीस वर्षं मी एका ऑफिसात कारकुनी केली, तिथल्या कँटीनचा आचारी सुट्टीच्या आधी असा ब्रेड करायचा. तो निवृत्त झाला त्या दिवशी मी डायरी घेऊन त्याच्यासमोर बसले आणि तो सांगेल तसं लिहून घेतलं. मैदा चार किलो, साखर एक किलो, लोणी एक किलो, संत्री सोळा, चाळीस माणसांना पुरतो. एवढ्यात साहेबांनी मला आत बोलावलं, म्हणून शेवटची ओळ त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिली: कोरडं यीस्ट, मोठे चमचे आठ.

मी चष्मा पुसून ते पान वाचलं आणि मला माझंच हसू आलं. चार किलो! सोळा संत्री! चाळीस माणसं! म्हटलं, बाई, तू तरुणपणीही तशीच होतीस. घेतलं पेन आणि सगळं चारने भागलं. मैदा एक किलो, संत्री चार, माणसं दहा. आता पटण्यासारखं दिसायला लागलं. यीस्टच्या ओळीशी आले आणि थांबले. ते अक्षर आचाऱ्याचं. तो माणूस सज्जन, अर्ध्या वाक्यात उत्तर देणारा. त्याने उगीच कशाला फुगवून लिहिलं असेल? त्याचं नाही भागलं. आठ तर आठ.

माझ्याकडे मोठं भांडं खाली नव्हतं. हल्ली मी ज्या पातेलीत भाजी करते, तिच्यात पूर्वी मुलाचं दूध तापवायचे. मोठे डबे माळ्यावर गेलेत, आणि माझे गुडघे मला स्टुलावर चढू देत नाहीत. म्हणून समोरचं दार वाजवलं. तिथे एक शिवणवाली राहते, चार वर्षांपासून. जिन्यात भेटलो की आम्ही एकमेकींना हसतो, बस. पण तिच्या मशीनचा आवाज मला इतका पाठ झालाय, की ती उसवलेलं शिवतेय की नवीन, हे मी भिंतीआडून सांगते.

तिने दार उघडलं तर तोंडात चार टाचण्या. चारच होत्या.

"काय झालं आजी? बरं नाही का?"

बघा, म्हाताऱ्या बाईने दार वाजवलं की लोक आधी डॉक्टरचा नंबर शोधतात. मी म्हणाले, "डबा काढायचाय. माळ्यावरून. ब्रेड करायचाय." तिने टाचण्या उशीला टोचल्या आणि आली. डबा काढता काढता तिने मला तीन सल्ले दिले. तिची मावशी दूध कोमट घ्यायची, तिची नणंद मीठ शेवटी घालायची, आणि तिच्या एका गिऱ्हाइकाने असाच ब्रेड केला होता तो शेवटी दाराला अडसर म्हणून वापरला. मग म्हणाली, "पण आजी, या थंडीत तो फुगणार कुठे? ऊब लागते त्याला."

खरंच की. माझं घर असं, की थर्मामीटरसुद्धा अंगावर काहीतरी घेऊन बसेल. इमारतीत ऊबदार जागा एकच, तळमजल्यावरची पंपाची खोली. आणि तिची किल्ली सेक्रेटरींकडे.

आमचे सेक्रेटरी भले गृहस्थ आहेत. पण निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे एक रबरी शिक्का आहे आणि उमटवायला कागद कमी. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, फाईल काढली आणि म्हणाले, "नियम अकरा. पंपाच्या खोलीत कोणतीही निर्जीव वस्तू ठेवता येणार नाही. मागे एकाने कपाट ठेवलं होतं."

"निर्जीव?" मी म्हणाले. "आणि सजीव?"

त्यांनी पान उलटलं. "सजीवाचा ठराव आहे. दोन वर्षांपूर्वी मांजर व्याली होती तेव्हा केलेला. नोंदणी केलेला पाळीव प्राणी थंडीच्या दिवसांत तिथे ठेवता येईल."

मी खुर्ची पुढे ओढली. "सेक्रेटरी, यीस्ट जिवंत असतं. साखर खातं, श्वास सोडतं, थंडीने आखडतं. आपल्यासारखंच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग शिक्क्याकडे बघितलं. त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते मला स्पष्ट दिसत होतं, कारण दोन वर्षांत पाळीव प्राण्यांचे दोनच अर्ज आले होते. शेवटी त्यांनी ड्रॉवरमधून छापील अर्ज काढला. "तीन प्रती लागतील."

मी बत्तीस वर्षं अर्जच भरलेत. बसल्या बैठकीला भरला. प्राण्याचं नाव: फुगोबा. जात: यीस्ट. रंग: फिकट. वजन: दोन किलो, वाढतं. चावतो का: अजून तरी नाही. रात्री ओरडतो का: ऐकलेलं नाही. लस दिली आहे का, इथे मी अडले. सेक्रेटरींनीच सुचवलं, "लागू नाही, असं लिहा." शिक्का उमटला. नोंदणी क्रमांक तीन.

बुधवारी सकाळी मळायला घेतलं. एवढं पीठ माझ्या हातांनी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. संत्र्यांची साल किसली, दालचिनी कुटली, लोणी घातलं, आणि आठ चमचे यीस्ट अगदी मोजून, आचाऱ्याला स्मरून. डबा ह्यांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळला. तो स्वेटर मी टाकला नव्हता, कारण कशाला तरी उपयोगी पडेल असं म्हणत होते. पडला. झाकण मात्र घट्ट लावलं. शिवणवाली म्हणाली होती फडकं घाला, पण म्हटलं पंपाची खोली आहे, पाल पडायची. शिवणवालीने डबा खाली नेला. सेक्रेटरींनी खोलीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून जेवायला गेले. जेवण झाल्यावर ते झोपतात. त्यात नियमाबाहेर काही नाही.

इथून पुढचं सगळं खरं आहे. कृपा करून काही भागू नका.

दोन वाजून दहा मिनिटांनी तळमजल्यावर धाडकन आवाज झाला. मी तिसऱ्या मजल्यावर खुर्चीत पेंगत होते, दचकून उठले आणि कठड्याला धरून खाली पोचले. डब्याचं झाकण उडून खोलीच्या पत्र्याच्या दारावर आदळलं होतं. सेक्रेटरी बनियनवर धावत आले, त्यांना वाटलं पंप फुटला. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला आणि मग कुलूप उघडलं.

फुगोबा डब्यात नव्हता. तो डब्याच्या चहूबाजूंनी होता. स्वेटरची एक बाही घालून तो पंपाच्या चौथऱ्यावरून खाली उतरत होता, सावकाश, पाहुणा पायऱ्या उतरतो तसा. सेक्रेटरी दोन पावलं मागे सरले आणि मला म्हणाले, "आजी, तुम्ही लिहिलं होतंत चावत नाही."

"अजून तरी, असं लिहिलं होतं," मी म्हणाले.

पंप बंद, म्हणजे नळ बंद. पाच मिनिटांत माणसं बादल्या घेऊन जिन्याने खाली यायला लागली. कुणाच्या केसांना साबण, कुणाचे हात भांड्यांच्या फेसात. जो तो तावातावाने यायचा, पंपाच्या खोलीपाशी पोचायचा आणि थांबायचा. नाक वर करायचा. संत्रं, दालचिनी, लोणी. सगळा जिना त्याने भरला होता. मी मोजली, बावीस माणसं. हातातलं काम टाकून उभी होती. एक जण तर चक्क डोळे मिटून.

मी रविवारी जी थाप मारली होती, ती बुधवारी माझ्यासमोर बादली घेऊन उभी होती.

शिवणवाली मोठी खमकी. तिने कपडा कापायच्या लांब पट्टीने जमिनीला न लागलेलं सगळं पीठ उचलून परत डब्यात भरलं, आणि आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. डबा दोघींनी धरला होता, तेव्हा उचलायला दोन माणसं लागली हेसुद्धा खरं झालं. भट्टीत भाजून द्यायचं बेकरीवाल्याने आधीच कबूल केलं होतं. त्याने डब्यात डोकावून बघितलं.

"आजी, यीस्ट किती?"

"आठ चमचे."

"मैदा किती?"

"एक किलो."

त्याने डोक्यावरची टोपी काढली. "अहो, आठ चमचे चार किलोला लागतात!"

आता मला उलगडा झाला. त्या पानावरचे चार किलो खरे होते. सोळा संत्री खरी होती. माणसंही चाळीसच. आयुष्यात एकदा मी खरं लिहिलं, आणि माझाच माझ्यावर विश्वास बसला नाही.

ब्रेड भट्टीत आधी टम्म फुगला आणि मग एकदम बसला. बाहेर आला तो ट्रेभर पसरलेला, उशी मागितली आणि सतरंजी मिळाली असा. चवीला किंचित आंबट. पण वास! आम्ही तो घेऊन परत आलो, तरी सेक्रेटरींनी पंपाची साफसफाई तपासून, नोंद करून पाणी सोडेपर्यंत आणखी तासभर गेला. तो तासभर आम्ही सगळे जिन्यात बसून गरम गरम ब्रेड खात होतो. वरच्या मजल्यावरच्या बाईने मला विचारलं, "तुम्ही इथे नवीन आल्या का?" मी म्हणाले, "हो, सव्वीस वर्षं झाली." हेही खरं. कुणी कृती विचारली, कुणी गुडघ्यांची चौकशी केली. मी तीन गोष्टी सांगितल्या, त्यातली एक बरीच लांब. कुणीही भागलं नाही.

मग नळाला पाणी आलं. "आलं, आलं!" म्हणत सगळे उठले आणि दोन मिनिटांत जिना रिकामा झाला. पायरीवर तुकडे राहिले आणि मी. शिवणवालीचंही गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं, ती गेली. मी एक तुकडा नातीसाठी कागदात बांधला आणि कठड्याला धरून वर आले.

सात वाजता फोन केला. मी सगळं सांगितलं, जसंच्या तसं. झाकण उडालं, फुगोबा स्वेटर घालून बाहेर आला, बावीस माणसं बादल्या घेऊन. एवढं खरं मी कधीच बोलले नव्हते, त्यामुळे जरा अडखळतही होते.

मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पाळीव प्राणी म्हणून नोंदणी केलीस."

"केली."

"आई." त्याच्या आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "नाही जमला तर नाही जमला म्हणायचं गं. मी काही रागावलो असतो का? पोरीला सांगतो मी समजावून. आपण पुढच्या सुट्टीत बघू."

"अरे, पण तुकडा आहे माझ्याकडे—"

"बेकरी आहे ना तुझ्या कोपऱ्यावर," तो म्हणाला. "ऑफिसच्या मंडळींना साडेसातला हॉटेलचं कळवायचंय. ठेवू?"

ठेवला. मी कागदातल्या तुकड्याकडे बघत बसले. म्हटलं, आज रात्री खावा की उद्या, की तसाच ठेवावा. तेवढ्यात दाराच्या फटीतून एक कागद सरकत आत आला. सेक्रेटरींची नोटीस. शिक्का अजून ओला होता. मी वाचली, आणि गुडघ्यांना न विचारता उठले. समोरचं दार वाजवलं.

"तुझ्या मोबाइलवर याचा फोटो काढ आणि माझ्या मुलाला पाठव. आत्ता. साडेसातच्या आत."

"मीच बोलते की आजी त्याच्याशी. मी होते ना तिथे."

"नको गं. त्याला वाटेल तुला फितवलं. शिक्का कुणाला फितत नाही."

नोटीस अशी होती:

"आपला पाळीव प्राणी नामे फुगोबा (नोंदणी क्र. ३) हा आज बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आपल्या डब्यातून विनापरवाना बाहेर पडला व त्याने पंपाच्या चौथऱ्याचा ताबा घेतला. त्यामुळे एकूण बावीस रहिवाशांची गैरसोय झाली. आपणांस सक्त ताकीद देण्यात येत आहे. तथापि, सदर प्राणी त्याच दिवशी उपरोक्त बावीस रहिवाशांनी खाल्ला असल्याने पुढील कारवाई करणे शक्य नाही. त्याची चव बरी होती."

सात वाजून सव्वीस मिनिटांनी शिवणवालीचा फोन वाजला. तिने तो माझ्या हातात दिला. पलीकडे नात इतकी हसत होती की तिला उचकी लागली होती. "आजी, खाल्ला? सगळ्यांनी मिळून फुगोबाला खाल्ला? आजी, मी भागलं नव्हतं हं! मी बाबांना सांगत होते!"

मग मुलगा आला. तोही हसत होता. मग हसायचा थांबला.

"आई," तो म्हणाला, "मागच्या महिन्यात तू म्हणालीस ना, आठ दिवस कुणाशी बोलले नाही. ते आठ... आठच होते का?"

शिवणवाली मशीनपाशी बसून उगीचच दोऱ्याचं रीळ चाचपत होती.

आता बघा, सगळं आयुष्य मी या एका क्षणाची वाट बघितली. कुणीतरी विचारावं, आणि मी म्हणावं, हो, तेवढेच होते. पण पोराचा आवाज असा झाला होता, की लहानपणी ताप आला की व्हायचा तसा.

"छे रे," मी म्हणाले. "दोनच. तुला माहितीये ना मी कशी आहे."

तो म्हणाला, "हॉटेलचं 'नाही' कळवतोय. शनिवारी दुपारपर्यंत पोचतो आम्ही."

फोन परत दिला तेव्हा शिवणवाली म्हणाली, "आजी, मी कागद आणते. कृती नीट लिहून काढू. या खेपेला चार किलोची."

तेव्हा आता मी संत्री सोलतेय. सोळा. ती तिकडे मशीन बंद करून इकडे दालचिनी कुटतेय आणि तिच्या नणंदेचं काहीतरी सांगतेय, त्यातलं निम्मं मला खरं वाटत नाही. पाळीव प्राण्याचा नवा अर्ज सेक्रेटरींनी स्वतः आणून दिला. "नाव तेच ठेवायचं का?" म्हणून विचारत होते.

मुलगा, सून, नात तीन दिवस राहणार आहेत. बेकरीवाल्याला मी बारा दिवस सांगितलेत.